तिसऱ्या गाण्यातला भाईकाका

माळ्यावरून ट्रंक खाली उतरवली, झाकण उघडलं, तर सगळ्यात आधी वासच बाहेर आला. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या कागदांचा, आणि या दोन्हींच्या खाली दबून बसलेला एक तिसरा. तो वास मी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. राळेचा वास. व्हायोलिनच्या गजाला घासायची मधाच्या रंगाची वडी असते, तिचा. भाईकाका ती घासायला बसला की पांढरी धूळ त्याच्या मांडीवर पडायची, आणि आमच्या आचऱ्याच्या घराच्या ओटीवर, वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या आंबट वासात, हा कुठल्यातरी परक्या जंगलाचा वास मिसळून जायचा.

कौलं परतायची होती म्हणून मी पनवेलहून चार दिवसांसाठी गावी गेले होते. गडी वर चढायच्या आधी माळा मोकळा करायला हवा होता. भाईकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, ओटीवरच्या खुर्चीत बसून माझी धूळभरली धडपड ऐकत होता. ऐकत होता असंच म्हणायला हवं. शहाऐंशी वर्षांचा आहे, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पण कान अजून तिखट आहेत.

"काय गावला गो?" त्यानं विचारलं.

माझ्या हातात एक चौकोनी पुठ्ठ्याचं वेष्टन होतं. आत काळी तबकडी. वेष्टनावर सोनेरी केसांची एक बाई लाल मोटारीला टेकून उभी, मागे तळं, वर गिरकी घेतलेल्या इंग्रजी अक्षरांत रविवारच्या निवांतपणाबद्दल काहीतरी. पाठीमागे बारा गाण्यांची यादी. आणि यादीच्या खाली, छापील नव्हे, निळ्या शाईनं लिहिलेल्या वळणदार मराठी दोन ओळी : व्हायोलिन – भालचंद्र, आचरा. गिटार – पास्कू, आरोंदा.

भालचंद्र म्हणजे भाईकाका. मी तिथेच धुळीत मांडी घालून बसले. साठी ओलांडलेली बाई मी, पण दहा वर्षांच्या मुलीसारखी त्या दोन ओळींवरून बोट फिरवत राहिले.

भाईकाका लंडनमधलं सगळं सोडून परत का आला, हे मला कधी नीट कळलं नाही. घरात कुणी विचारत नव्हतं. मला आठवतो तो थेट आलेलाच भाईकाका. मी तिसरीत होते. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, काजीच्या बिया वाळत होत्या, आणि त्यांच्या कडेकडेनं पाय टाकत, कोट घातलेला एक उंच माणूस येत होता. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी. त्याच्या कपड्यांना साबणाचा असा एक वास होता, की पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं विलायत म्हणजे तो वास.

तो आणि आरोंद्याचा पास्कू बोटीवरच्या बँडमध्ये होते. पाहुण्यांचं जेवण चालू असताना वाजवायचं, हे काम. मग दोघे लंडनला उतरले आणि सहा वर्षं तिथेच राहिले. तिथे एक कंपनी होती, ती हलक्याफुलक्या धुनांच्या तबकड्या काढायची. भाईकाका सगळ्याच धुनांना गाणीच म्हणायचा, शब्द नसले तरी. एका बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या. समोर कागद, त्यावरची शाई कधीकधी ओली असायची. दारावरचा लाल दिवा लागला की खोकायचं नाही, हलायचं नाही, वाजवायचं. तीन तासांत चार गाणी. मग कंपनी वेगवेगळ्या दिवसांची बारा गाणी निवडून एका तबकडीवर गोळा करायची, वर एखादं सुंदर चित्र लावायची, आणि वाद्यवृंदाला दरवेळी नवीन नाव द्यायची.

"सोमवारी आमी पॅरिसचे," भाईकाका सांगायचा, "बुधवारी हवाई बेटावयले. माणसां तींच. पास्कू आरोंद्याचो नि मी आचऱ्याचो."

"पण ते संगीत असतं कसलं?" माझ्या वडिलांनी एकदा विचारलं होतं.

भाईकाकानं जरा विचार केला. "लोकांनी आयकूचा न्हय. हाटेलात, दाताच्या डाक्टराकडे, मागे वाजत रवता. पण बंद केला तर कायतरी गेला असा वाटाक व्हया. असला ता संगीत."

माझ्यासाठी मात्र ते ऐकण्याचंच होतं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तो ओटीवर उभा राहून वाजवायचा. आई तांदूळ निवडायची थांबायची. नदीवरून येणारा वारा, माडांच्या झावळ्यांची खसखस, आणि त्यातून जाणारी ती एकच लांब ओळ. मी खांबाला टेकून बसायचे आणि माझ्या दातांत, हाडांत काहीतरी थरथरायचं.

गावाला ते पटत नव्हतं. बोटीवर भांडी घाशीत होता, असं काहीजण म्हणायचे. काहीजण बँडवालो म्हणून हाक मारायचे. तो हसायचा. मला हसू यायचं नाही.

मी पाचवीत असताना ते पार्सल आलं. परदेशी तिकिटं, सुतळी, लाख. स्टुडिओतल्या कुणा जुन्या सोबत्यानं पाठवलेलं. आत ही तबकडी. आमच्याकडे ती वाजवायचं यंत्र नव्हतं. साऱ्या गावात एकच होतं, आणि त्याची सुई मोडलेली. पण तबकडी वाजावी लागतेच असं कुठे मला वाटत होतं? ती होती. तिच्या काळ्या रेषांमध्ये माझा काका होता. मी ती तिरकी धरून उन्हात बघायचे, आणि रेषांवरून उजेड गोल फिरायचा.

दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न विचारता ती दप्तरात घालून शाळेत नेली.

मधल्या सुट्टीत वर्गात गर्दी झाली. कुणीतरी हेडमास्तरांना बोलावून आणलं. हेडमास्तर धोतर-कोटातले, घाटावरून आलेले, अतिशय शुद्ध बोलणारे, आणि कुणाचंही अक्षर वाईट दिसलं तर मनापासून दुःखी होणारे. त्यांनी वेष्टन पुढून पाहिलं, मागून पाहिलं, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली.

"यात तुझ्या काकांचं नाव कुठे आहे, बाळ?"

मी बघितलं. नव्हतं. मला त्या क्षणापर्यंत शोधायचं सुचलंच नव्हतं.

"नाव नसतं त्यावर," मी म्हटलं.

"मग त्यांनीच वाजवलं आहे हे कशावरून?"

ते रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण वर्ग हसला. घरी येईपर्यंत माझ्या फ्रॉकची बाही डोळे पुसून ओली झाली होती. भाईकाका विहिरीवर अंघोळ करत होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यानं कळशी खाली ठेवली. मग अंग पुसून आत गेला आणि आरोंद्याला परत आलेल्या पास्कूला एक पोस्टकार्ड लिहिलं. त्यावर एकच ओळ होती; ती मला ठाऊक आहे, कारण ते टपालात टाकायला मलाच दिलं होतं आणि मी वाचलं : "पास्कू, गिटार घेवन ये."

पास्कू आठव्या दिवशी आला. एसटीच्या टपावरून गिटार उतरवताना तो वाहकाला अशा सूचना देत होता, जणू वर तान्हं मूल आहे. बुटका, गोरटेला, शर्टाची वरची तीन बटणं उघडी, गळ्यात बारीक क्रूस. घरात शिरल्याशिरल्या त्यानं आईकडे घावणे मागितले आणि मला विचारलं, "रडलेलां चेडू ता ह्यां?"

मग चार दिवस आमच्या घरात जे चाललं त्याला तालीम म्हणतात, हे मला नंतर कळलं. तबकडीचं वेष्टन भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते दोघे यादीतलं एकेक गाणं आठवत, भांडत, पुन्हा सुरू करत. फणस पिकले होते. सगळ्या घराला त्याचा गोड, जड वास. गरे खाऊन चिकट झालेले हात पास्कू खोबरेल तेलानं पुसायचा आणि मगच तारांना लावायचा.

रविवारी चार वाजता सगळ्यांना बोलावणं गेलं. खळं सारवलेलं, वर माटव, म्हणजे मांडव, मध्ये दोन खुर्च्या. लोक आले. काही मजा बघायला, काही खरंच. हेडमास्तर आले, छत्री मिटवून बाकावर बसले. मला एका पाटावर उभं केलं होतं. वेष्टन छातीशी धरायचं आणि जे गाणं चालू असेल त्यावर बोट ठेवायचं, हे माझं काम.

भाईकाका उभा राहिला. "आमच्याकडे यंत्र नाय," तो म्हणाला. "म्हणान ही तबकडी आमीच वाजवतलंव. पयल्यापासून शेवटपर्यंत."

आणि त्यांनी वाजवली. चाळीस माणसांचं काम दोघांनी केलं. भाईकाका मुख्य ओळ धरायचा, पास्कू गिटारवर खालचं सगळं सांभाळायचा, मध्येच तोंडानं तुतारी काढायचा, गिटारच्या पेटीवर बोटांनी ढोल वाजवायचा. एक गाणं संपलं की दोघे अगदी स्तब्ध. भाईकाका मनात दोन आकडे मोजायचा, कारण तबकडीत दोन गाण्यांच्या मध्ये तेवढी मोकळी जागा असते. तेवढ्यात फक्त कावळे. मग पुढचं. सहावं संपल्यावर दोघे उठले, गंभीर चेहऱ्यानं एकमेकांच्या खुर्च्यांची अदलाबदल केली, आणि भाईकाका म्हणाला, "आता तबकडी उलटी केली." खळं हसलं, पण ते हसणं निराळं होतं. मला पाटावर उभ्या उभ्या ते पायांच्या तळव्यांतून कळलं.

बारावं संपलं तेव्हा ऊन माडांच्या खाली गेलं होतं. कुणी उठेना. मग हेडमास्तर उठले.

"सहावं पुन्हा ऐकवाल का?"

त्यांनी सहावं पुन्हा वाजवलं. हेडमास्तर डोळे मिटून, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मग माझ्याजवळ आले, वेष्टन मागून घेतलं, कोटाच्या खिशातलं पेन काढलं. "नाव न छापणं हा दोष आहे," ते म्हणाले. "तो आपण दुरुस्त करू." आणि बाकावर बसून, एकेका अक्षराला वळण देत, त्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

पुढे भाईकाका त्यांच्याच शाळेत संगीत शिकवायला लागला. किती मुलं त्याच्याकडे शिकली, किती मेच्या सुट्ट्यांत त्या ओटीवर चार-चार व्हायोलिनं एकाच वेळी बेसूर वाजली, शेजारची म्हातारी कानांत कापूस घालून आमच्याकडे चहाला यायची. ते सारं गेलं. हेडमास्तर गेले, आई गेली, एसटीच्या टपावर आता कुणी सामान चढवत नाही. फणसाचं झाड मागच्या वादळात आडवं झालं.

"तबकडी गावली," मी ओटीवर जाऊन सांगितलं आणि वेष्टन त्याच्या हातात दिलं. त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं, कड ओळखली, हसला.

"कितीदा ऐकलीस रे ही?" मी विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "एकदाय नाय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"खंय आयकतलंय? आमी वाजवूचा आणि घराक जावचा. तबकडी वरसान निघाची. हय इली तेव्हा यंत्र नाय. मगे यंत्रां इली तेव्हा क्यासेटी इल्यो. रवला ता रवलाच."

पन्नास वर्षांहून जास्त. ज्याच्यासाठी मी वर्गात रडले, ज्यासाठी पास्कू गिटार घेऊन आला, ते या माणसानं स्वतः कधी ऐकलंच नव्हतं.

माझ्या मुलीकडे पनवेलला तबकड्या वाजवायचं यंत्र आहे. आजकालच्या मुलांना त्याची हौस असते. मी त्याच दिवशी तिला फोन केला, कौलं परतून झाल्यावर घरी गेले, आणि आठ दिवसांत यंत्र मांडीवर घेऊन पुन्हा कोकणच्या गाडीत बसले. नांदगावला उतरेपर्यंत ते मी खाली ठेवलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळ आहे की काय आत?" मी म्हटलं, "काका आहे."

सुई टेकली तेव्हा आधी नुसती चरचर आली, तापल्या तव्यावर घावण्याचं पीठ पडावं तशी. मग एकदम ओटीवर चाळीस माणसं आली. मऊ, दाट, सगळी एकत्र. हे सूर मी दोन वाद्यांवर ऐकले होते. आता ते समुद्रासारखे आले.

भाईकाका मान तिरकी करून ऐकत होता. "ह्यो पास्कू," मध्येच म्हणाला. "हो मोठ्या व्हायोलिनाचो म्हातारो. बगलेत पेपर घेवन येय." पण मला त्यात भाईकाका सापडत नव्हता.

"तू कुठेस रे?"

"मी हयच. आत."

दुसरं गाणं संपलं आणि त्यानं हात वर केला. "थांब. तिसरा नको. पास्कू नसताना तिसरा नको."

मग त्यानं मला त्या दोघांचं जुनं भांडण सांगितलं. तिसऱ्या गाण्यात एकजण ठोक्याच्या आधी शिरला होता. पियानो संपून सगळ्यांनी एकत्र उचलायचं, तिथे कुणीतरी घाई केली. वेळ संपत आली होती, म्हणून ते पुन्हा वाजवलं नाही, तसंच ठेवलं. भाईकाका म्हणायचा, तो पास्कू. पास्कू म्हणायचा, तो भाई. गेली पन्नास वर्षं हे चालू होतं. फोनवरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी करून आरोंद्याला गेलो. मालवण, वेंगुर्ला, शिरोडा. सगळ्या वाटेवर भाईकाका गुडघ्यावर बोटं हलवत राहिला.

पास्कूचं घर खाडीला लागून. अंगणात कोळंबी वाळत होती आणि तिचा खारट, उग्र वास गाडीचं दार उघडताच आत आला. पास्कू जनेलीशी, म्हणजे खिडकीशी, बसलेला. गुडघे गेलेले, केस सगळे पांढरे, वरची तीन बटणं अजून उघडी.

"इलंस?" तो म्हणाला. "आता पळूक गावाचा नाय तुका."

"तुकाच पळूचा पडतला," भाईकाका म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत.

मी टेबलावर यंत्र मांडलं. पास्कूची सून हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. सुई तिसऱ्या गाण्यावर टेकवली.

पियानो. एकटा, हळू, पावसानंतर पागोळ्या पडाव्यात तसा. पास्कूनं बोट वर केलं. पियानो थांबत आला. आणि अगदी तिथे, सगळे यायच्या एक ठोका आधी, एकच सूर आत आला. बारीक, सरळ, उघडा. एकाच व्हायोलिनचा. मग बाकी सगळे आले आणि तो त्यांच्यात बुडाला.

तो सूर मी ओळखला. खांबाला टेकून, तांदळाच्या धुळीच्या वासात, मी तो हजारदा ऐकला होता.

भाईकाकाचा चेहरा मला नीट बघवेना.

"तूच रे," पास्कू शेवटी म्हणाला. जिंकल्यासारखा नाही म्हणाला.

"मीच," भाईकाका म्हणाला. मग जरा वेळानं, "परत लाव गो बाय."

मी परत लावली. पुन्हा परत लावली. सात वेळा आम्ही तेवढंच ऐकलं. चाळीसजणांत भाईकाका एकटा असण्याचा तेवढा एक ठोका. सातव्यांदा पास्कूनं मान हलवली.

"केदो बरो लागललो रे तुझो सूर."

"माका घाई झाली हुती," भाईकाका म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "वाजवूची."

आठव्या वेळी सुई उचलायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिसरं संपलं, चरचर झाली, आणि चौथं सुरू झालं. भाईकाका एकदम खुर्चीत ताठ झाला.

"आता गप रव आणि आयक," तो पास्कूला म्हणाला. "हयसर तू चुकललंस."

"मी? खंय?"

"आयक तर."

आणि ते दोघे म्हातारे खुर्च्या पुढे ओढून त्या यंत्रावर वाकले.